लेकरांना घेऊन तेरला: लामतुरे संग्रहालयातला आमचा एक दिवस

लातूरच्या गंजगोलाईत माझं कापडाचं दुकान आहे. दिवाळीआधीचे पंधरा-वीस दिवस घास गिळायला फुरसत नसते. भाऊबीज झाली की बाजार असा सुना पडतो, की उलगडलेले तागे पुन्हा गुंडाळत बसायचं एवढंच काम उरतं. त्याच आठवड्यात बहीण पुण्याहून माहेरपणाला येते. यंदा घरात तीन लेकरं होती. मोठा भाचा सातवीत, माझी लेक चौथीत, धाकटा भाचा पहिलीत. फटाके संपले, किल्ल्यावरची हळीव वाळून गेली आणि मोबाईल कुणाच्या हातात यावरून रोज रडारड सुरू झाली. तेव्हा मी बहिणीला म्हटलं, "उद्या तेरला जाऊ. धपाटे बांधून घे."

संग्रहालय म्हटल्यावर मोठ्याचा चेहरा उतरला. त्यात त्याचा काही दोष नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे एका मोठ्या शहरातलं संग्रहालय बघायला गेलो होतो. नाव घेत नाही. दालनामागून दालन, मूर्तीमागून मूर्ती, आणि खाली पाटी काय, तर 'विष्णू, बारावे शतक'. धाकट्यानं काचेला नाक लावलं म्हणून रखवालदार चारचौघांत त्याच्यावर खेकसला. पाणी कुठं मिळेल ते कुणी धड सांगेना. दीड तासानं लेकरं पायरीवर बसली ती उठायलाच तयार नव्हती. त्या दिवसापासून आमच्या घरात संग्रहालय म्हणजे शिक्षा.

माझ्या लेकीला चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. तिनं लगेच विचारलं, "पप्पा, तिथं तलवारी आहेत का?" मी म्हटलं, "तलवारींसाठी नाही चाललो. तुझ्या बाहुलीपेक्षा दोन हजार वर्षांनी थोरल्या बाहुल्या बघायला चाललोय." यावर ती गप्प झाली. गाडीत बसेपर्यंत तिनं स्वतःची एक बाहुली पिशवीत घातली होती.

लातूरहून मुरूड, पुढं ढोकी, तिथून थोडं आत गेलं की तेर. रस्त्यानं तुरीला पिवळा फुलोरा होता, ज्वारी नुकती पोटरीएवढी आलेली. गाव तेरणेच्या काठी आहे. आज बघायला गेलं तर धाराशिव जिल्ह्यातलं एक चारचौघांसारखं गाव. मात्र दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर होतं, सातवाहनांच्या काळातली नामांकित बाजारपेठ. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय पुराणवस्तू संग्रहालय इथंच आहे आणि हा सगळा लेखनप्रपंच त्याच्यासाठी.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास आम्ही जवळजवळ एकाच जागी होतो. मातीचे दिवे. लेक वाकून बघत होती. म्हणाली, "पप्पा, ही तर आपली पणती." खरंच होतं. चारच दिवसांपूर्वी तिनं ओट्यावर, तुळशीपाशी, न्हाणीच्या दारात पणत्या मांडल्या होत्या. त्यांतली एखादी उचलून इथं ठेवली असती तरी पटकन ओळखू आली नसती. ओल्या मातीची वाटी करायची, कडेला आंगठा आणि दोन बोटांची चिमटी घेऊन बाहेर ओढायचं, की वातीसाठी चोच तयार. चिमटी घेतली की मातीला दोन्हीकडून एक खळगा पडतो. तो खळगा तिथं तसाच आहे. धाकट्यानं काचेबाहेरून हवेत चिमटी घेऊन बघितली. मग दुसऱ्या दिव्यापुढं, मग तिसऱ्या. पहिलीतलं पोर, त्याला सातवाहन कोण ते माहीत नाही. पण हा दिवा कुणीतरी हातानं केलाय आणि तो कसा केलाय हे त्याला समजलं. मला तिथंच वाटलं की आजचा दिवस कामी आला.

मग बाहुल्या. तेरच्या मातीच्या मूर्तींचं नाव अभ्यासकांत फार मोठं आहे. त्यातल्या काही केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या बारीक मातीच्या आहेत. माझ्या धंद्याची भाषा वापरायची तर नेहमीच्या लाल मातीपुढं हे पोत म्हणजे मांजरपाटापुढं मलमल. त्या मातीत केसांची बट न् बट उमटते. कानातली जड कुंडलं, कमरेच्या मेखलेचे पदर, पायातले वाळे, सगळं हाताच्या पंजाएवढ्या आकारात. मोठा भाचा तोपर्यंत जरा लांब उभा होता. त्याला मी बोलावून एका मूर्तीची कड दाखवली. डोक्यापासून खाली एक बारीक रेघ येते. तो म्हणाला, "मामा, ही सांध्याची रेघ आहे. गणपतीच्या कारखान्यात असते तशी." अगदी बरोबर. पुढचा एक साचा, मागचा एक साचा, दोन्हीत माती दाबून बसवायची, मग दोन अर्धुकं जोडायची. आतून पोकळ राहते म्हणून माती कमी लागते, वजन हलकं होतं आणि भट्टीत तडकायची भीती कमी. एकदा साचा केला की एकसारख्या कितीही मूर्ती निघतात. "म्हणजे हा कारखानाच होता," असं म्हणून तो जो पुढं झाला तो शेवटपर्यंत मागं राहिला नाही.

इथलं बघण्यासारखं बरंचसं असं तळहाताएवढंच आहे: मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, शिशाची नाणी, प्राण्यांची खेळणी, भांडी. लहान लेकरांना घेऊन जाणाऱ्यांना मी हेच आवर्जून सांगेन. भव्य मूर्तीपुढं लेकरू मान वर करून थकतं. हातात मावेल एवढ्या वस्तूपुढं ते वाकतं आणि एकदा वाकलं की प्रश्न विचारतं. शंखाच्या बांगडीपुढं लेकीनं विचारलं, "इथं समुद्र कुठाय?" समुद्र नाही, म्हणजे शंख आणला. कुणी आणला, कशात घालून आणला, वाटेत फुटला नाही का? मास्तर लागत नाही, वस्तूच शिकवते.

रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकंही तेरला मिळालेली आहेत, वर ओवायला कडी असलेली. परदेशी राजाचा मुखडा असलेलं नाणं बाजारात बघितलं, आवडलं, आपल्याला परवडत नाही, मग मातीचं करून गळ्यात घातलं. बहीण बघत राहिली. आमच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, हौस तीच रे."

तेरची सगळ्यात नावाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. आकारानं लहानच आहे, पण हिच्यापुढं उभं राहायच्या आधी लेकरांना एक गोष्ट सांगून ठेवा. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवी सन ७९ मध्ये फुटला आणि पॉम्पेई नावाचं शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घराच्या खोदकामात हस्तिदंती बाई सापडली. दागिने, केशरचना, उभं राहण्याची ढब, सगळं भारतातलं. तेरची मूर्ती तिच्या बहिणीसारखी दिसते. कुठं तेरणा, कुठं पॉम्पेई! मोठ्यानं मोबाईलवर पॉम्पेईच्या मूर्तीचं चित्र काढलं आणि तिघं एकदा मोबाईलमध्ये, एकदा काचेत असं बघत राहिले. चार दिवस ज्याच्यापायी भांडणं झाली तो मोबाईल पहिल्यांदा कामाला आला.

तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, "मामा, घर मातीखाली कसं जातं?"

याचं उत्तर मी पुस्तकातून दिलं नाही. १९९३ साली मी अकरा वर्षांचा होतो. अनंत चतुर्दशीचा गणपती बोळवून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यातली गावंच्या गावं बसली. तेही तेरणेचंच खोरं. माझी आत्या त्यातल्याच एका गावात दिलेली होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचं माळवद. वडील चादरींचे गठ्ठे घेऊन गेले होते. मला पंधरा दिवसांनी नेलं. आत्याच्या घराच्या जागी मातीचा ढीग होता. माझ्यादेखत त्यातून एक पितळी तांब्या निघाला, पोटाला चेपलेला, आत माती गच्च भरलेली. आत्यानं तो पदरानं पुसला आणि काही न बोलता मांडीवर धरून बसली. हे मी लेकरांना तिथं उभ्या-उभ्या सांगितलं, फार न लांबवता. तेर काही भूकंपानं गाडलं गेलं नाही. तिथं घरं पडत गेली, त्यांच्याच मातीवर पुढची बांधत गेली आणि टेकाडं उंचावत गेली. पण समोरचं मडकं म्हणजे कुणाच्या तरी चुलीजवळचं मडकं, हे तांब्याच्या गोष्टीनंतर तिघांना वेगळं सांगावं लागलं नाही. लेकीनं पिशवीतली बाहुली बाहेर काढून हातात धरली होती.

आता ज्यांच्या नावाचं संग्रहालय त्या लामतुऱ्यांविषयी. जुन्या वस्तीची माती आपल्याकडं पांढरी म्हणून ओळखली जाते. तेरच्या पांढरीत पावसाळ्यात पाण्यानं माती धुपली की मणी, नाणी, मूर्तींचे तुकडे उघडे पडायचे. गावातली पोरं ते वेचायची. रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. त्यांनी या वस्तूंचं मोल ओळखलं आणि आयुष्यभर त्या जमवल्या. त्यांचा संग्रह पुढं शासनाकडं आला आणि त्याचं हे संग्रहालय झालं. त्यांनी जमवलं नसतं तर यातलं किती मुंबई-पुण्याच्या बाजारात, किती परदेशात गेलं असतं आणि किती पायाखाली चुरडलं असतं याचा विचार करवत नाही. गावातल्या माणसानं गावातलं वेचून गावातच ठेवलं, ही गोष्ट मी लेकरांना मुद्दाम दोनदा सांगितली. मोठा भाचा पुण्याचा आहे, त्याला इतिहास म्हणजे लाल महाल आणि शनिवारवाडा. आपल्या आजोळाजवळ रोमपर्यंत व्यापार पोहोचलेलं गाव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्हा लातूर-धाराशिवच्या लोकांपैकी तरी कितीजणांनी तेरचं संग्रहालय बघितलंय? तेरच्या संत गोरा कुंभारांच्या, म्हणजे गोरोबाकाकांच्या दर्शनाला सगळे जातात, दर्शन घेऊन तसेच परततात.

व्यापारावरून माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन आहे. त्यात तगरचं नाव आहे. गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून भडोचला काय जायचं? कापड. साधं जाडंभरडं कापड भरपूर, आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. तेही गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. मी तिसऱ्या पिढीचा कापडवाला. आजोबा खांद्यावर गाठोडं टाकून बाजारच्या दिवशी खेडोपाडी फिरले. आपल्याच भागातनं दोन हजार वर्षांपूर्वी मलमलीचे गठ्ठे बैलगाडीनं समुद्रापर्यंत जात होते, हे वाचलेलं असूनही तिथं उभं राहिल्यावर अंगावर काटा आला. कापड मातीत टिकत नाही, त्यामुळे काचेमागं ती मलमल शोधू नका. मात्र मातीच्या बायांच्या अंगावरची वस्त्रं नीट बघा. कापड तलम आहे की जाड, हे चुणी कशी पडते यावरून कळतं. मी लेकीला दुकानात शिकवतो तसं तिथं दाखवलं.

तगरचा मान पुढंही शेकडो वर्षं टिकला. कोकणात आणि कोल्हापुराकडं राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हा शब्द तिघांनी परतीच्या वाटेवर इतक्यांदा म्हटला की धाकट्याला तो न अडखळता येऊ लागला.

बाहेर आल्यावर झाडाखाली बसून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाल्लं. मग त्रिविक्रम मंदिर. संग्रहालय बघून इथं यायलाच हवं, कारण मगाशी काचेमागं होतं ते युग इथं अजून उभं आहे. विटांचं बांधकाम, आणि मागची बाजू चौकोनी नसून गोल. बसलेल्या हत्तीची पाठ दिसावी तशी, म्हणून याला गजपृष्ठ म्हणतात. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा वामनावतार. दिवाळीचा पाडवा नुकताच झालेला असल्यानं बळीची गोष्ट लेकरांना तोंडपाठ होती, मला सांगावी लागली नाही. तेरच्या जुन्या विटा हलक्या म्हणून प्रसिद्ध आहेत, पाण्यावर तरंगतात. माती मळताना तूस घातलं की भट्टीत ते जळून जातं आणि विटेच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. भाच्यानं पोकळ बाहुलीची आठवण स्वतःहून काढली.

शेवटी नदीकाठी गोरोबाकाकांची समाधी. कुंभाराच्या गावात सबंध दिवस माती बघितल्यावर संतपरीक्षेची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत कोण भाजलेलं, कोण कच्चं ते पारखू लागले. नामदेव रागावले आणि कच्चं मडकं ठरले. लेकरं एकमेकांच्या डोक्यावर टिचक्या मारत पारावर बसली. समाधीच्या दारात एक म्हातारी बसली होती, तिनं धाकट्याला जवळ ओढून विचारलं, "कच्चा का पक्का रं तू?" तो म्हणाला, "पहिलीत आहे."

जाणाऱ्यांसाठी थोडं. शासकीय संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, सुट्टीच्या दिवसांत निघण्याआधी वेळ विचारून घ्या. फोटो काढायचे तर दारातच परवानगी विचारा. पाणी आणि जेवण घरून न्या, वर एक भिंग न्या. आम्ही नेलं नव्हतं, त्याची फार चुटपुट लागली. मण्यांपुढं आणि त्या सांध्याच्या रेघेपुढं भिंग हवंच होतं. प्रत्येक लेकराला एक वही-पेन्सिल द्या आणि एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायला लावा. आमच्या लेकीनं बाहुली काढली, धाकट्यानं दिवा, मोठ्यानं साचा कसा असेल ते. सगळं बघून झालंच पाहिजे हा हट्ट धरू नका. आम्ही दोन तास होतो आणि अर्ध्या वस्तू राहिल्या. राहू द्या, तेर जवळ आहे, पुन्हा जाता येतं. सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर आधी देऊळ, नदी, मग संग्रहालय असा क्रम ठेवलेला बरा. आणि गावात कुणी जुना मणी किंवा नाणं विकायला दाखवलं तर घेऊ नका. लेकरांसमोर तर मुळीच नको.

सुट्टी संपून बहीण पुण्याला गेली. परवा रात्री मोठ्या भाच्याचा फोन आला. त्यानं तेर ते पैठण असा नकाशा वहीत काढलाय, दहा दिवसांचे दहा मुक्काम धरून. पहिला टप्पा कळंबच्या बाजूला घेतलाय. पण गाडा भरून कापड आहे, पाऊस नुकताच सरलाय आणि वाटेत मांजरा आडवी येते. "मामा, बैलांना नदी ओलांडायला उतार कुठं असेल?" मला सांगता आलं नाही. दुकानात कळंबकडचे एक म्हातारे गिऱ्हाईक येतात, धोतरजोडी घ्यायला. या आठवड्यात ते आले की विचारतो म्हणालो आहे.